मदत हवी आहे: माद्रिद ते लिस्बन विमानाने नेमका किती वेळ लागतो?

रेवती: माद्रिदहून लिस्बनचे विमान सकाळी १०.०५ ला सुटून १०.२५ ला पोहोचते असे संकेतस्थळावर दिसते, तर परतीला तेवढ्याच अंतराला दोन तास वीस मिनिटे दाखवली आहेत. मला त्याच दुपारी लिस्बनमधल्या बैठकीला हजर राहायचे आहे. कोणती वेळ खरी धरावी? तिकिटाचे दर सकाळपासून वाढत आहेत, म्हणून कृपया लवकर सांगावे.

सदानंद: दोन्ही खऱ्या आहेत. तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात आणि पोर्तुगालचे घड्याळ बाराही महिने स्पेनच्या एक तास मागे असते. सरळ अंतर जेमतेम ५०० किलोमीटर आहे. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे हे सगळे धरून दोन्ही बाजूंनी साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. मात्र बैठक किती वाजता व कोठे आहे आणि आपण माद्रिदला आधीपासून असणार आहात का, हे आपण लिहिलेले नाही.

कौस्तुभ: विमान कशाला? रस्त्याने सव्वासहाशे किलोमीटर, सहा तासांचा उत्तम रस्ता आहे आणि वाटेत मेरिदाचे रोमन नाट्यगृह पाहता येते. आम्ही बादाखोसवरून सीमा ओलांडली तेव्हा कोणी थांबवलेसुद्धा नाही.

अनुराधा: कौस्तुभ, ज्यांना दुपारी बैठक गाठायची आहे त्यांना हा सल्ला उपयोगाचा नाही. शिवाय भाड्याची गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर त्याचे वेगळे आणि बरेच जास्त पैसे पडतात. रात्रीची लुसितानिया रेल्वे चालू असती, तर मी तीच सुचवली असती; ती मार्च २०२० पासून बंद आहे.

मिलिंद: वेळेतल्या फरकाचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. ग्रिनिचची रेखा स्पेनमधूनच जाते आणि माद्रिद तिच्या पश्चिमेला आहे, तरी १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत.

रेवती: बैठक दुपारी दोन वाजता, ओरिएंते स्थानकाजवळ आहे. मी त्याच सकाळी साडेसातला मुंबईहून आखातामार्गे माद्रिदला उतरेन. दोन्ही तिकिटे वेगवेगळी आहेत. मोठी बॅग एकच.

सदानंद: रेवतीताई, मग खरी अडचण उड्डाणाच्या वेळेची नाही, मधल्या अडीच तासांची आहे. शेंगेन (आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) प्रवेशाची तपासणी माद्रिदलाच होईल, आणि तिकिटे स्वतंत्र असल्याने बॅग ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावी लागेल. टर्मिनल १ व ४ यांच्यात बराच अंतर असून मध्ये बस घ्यावी लागते, तेव्हा दोन्ही विमानांची टर्मिनल आताच पाहून घ्या. पहिले विमान तासभर उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर स्वतंत्र तिकिटावर दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही. माद्रिदला काम नसेल, तर आखातातूनच थेट लिस्बनला जाणारे किंवा सगळा प्रवास एकाच आरक्षणात बसणारे तिकीट शोधा.

अनुराधा: पूर्ण सहमत. शक्य असल्यास आदल्या दिवशीच पोहोचा. लिस्बन विमानतळावरून ओरिएंतेला टॅक्सीची गरज नाही. मेट्रोच्या लाल मार्गावर ते तिसरेच स्थानक आहे.

रेवती: माद्रिदला काम परतीच्या वेळी आहे, जाताना नाही. तेव्हा जाताना थेट लिस्बनचे तिकीट पाहते. लिस्बन ते माद्रिद हे तिकीट आता काढून ठेवते.