हंगाम संपताना डोंगरात पॅराग्लायडर आणि हँगग्लायडर एकत्र: काय सांभाळावं?

निळीछत्री
नमस्कार मंडळी. हंगामाचे शेवटचे पाच दिवस आम्ही पाच जण डोंगरात उडायला निघालोय. तिघं पॅराग्लायडरवाले (मऊ कापडी पंख), दोघं हँगग्लायडरवाले (सांगाड्यावर ताणलेला त्रिकोणी पंख). सगळ्यांची शंभरच्या वर उड्डाणं झालीयेत, पण ती ऐन हंगामातली. आता दिवस लहान, थंडी, आणि एकाच हवेत दोन तऱ्हेचे पंख. दिवसाची आखणी कशी करावी? थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात, एकमेकांना कसं सांभाळून घ्यावं? कपड्यांचंही सांगा. मला बोटं गारठायची फार भीती वाटते.

धारकरी
आधी उतरायची वेळ ठरवा, उडायची मग. उन्हाळ्यात आपण थर्मल कधी सुरू होतात ते बघत बसतो, आता ते कधी संपतात ते बघायचं. उत्तर गोलार्धात या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. सपाट माळावर ऊन तिरपं पडतं, माळ फारसा तापत नाही. दक्षिण-नैऋत्येकडे तोंड केलेला उभा खडक मात्र तेच ऊन समोरून घेतो. उचल तिथे शोधा, आणि दुपारचे दोन-तीन तासच धरून चाला. दरीत धुरकट हवा साचून तिची वरची रेघ सरळ दिसत असेल, तर रेघेखाली गेल्यावर पुन्हा वर यायची आशा धरू नका.

एका वर्षी मी “अजून एक चक्कर” करत राहिलो. माझ्यावर लख्ख ऊन होतं, खालचं शेत मात्र कधीच सावलीत गेलेलं. दुपारी दरीतून वर चढणारा वारा तोवर फिरून उतारावरून खाली वाहायला लागला होता. मी दुपारच्याच अंदाजाने उतरायला आलो. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) उलटा दिसला तेव्हा वळण्याइतकी उंची उरली नव्हती. पाठवाऱ्यात आपटलो, घोट्यावर निभावलं. आता डोंगराची सावली शेताच्या कडेला लागली की मी खाली असतो, वर कितीही छान असो.

त्रिकोणी_पंख
हँगवाल्यांच्या बाजूने लिहितो. आमचा वेग जास्त, त्यामुळे वर्तुळ मोठं. पॅराग्लायडर आत घट्ट फिरतो, आम्ही बाहेरून. फिरायची दिशा थर्मलमध्ये पहिल्या आलेल्याची. खालून वर येणाऱ्याला जागा वरच्याने करून द्यायची, कारण त्याच्या डोक्यावर पंख असतो, त्याला वरचं दिसतच नाही. धारेवर समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला सरकायला जागा नसते. दुसऱ्याने उजवीकडे बाहेर व्हायचं. शेवटच्या दिवसांतली थर्मल अरुंद असतात. दाटी वाटली तर निमूट दुसरीकडे जा.

आणि एक कळकळीची विनंती. आमचा ग्लायडर जोडायला अर्धा-पाऊण तास लागतो. हँगवाल्यांना सकाळी आधी वर पाठवा आणि “झालं का?” असं विचारू नका. असंच एकदा सगळे खोळंबले होते. मी घाईघाईत बॅटन (पंखाला आकार देणाऱ्या कांड्या) सरकवले, हेल्मेट चढवलं, ग्लायडर उचलून उताराच्या तोंडाशी उभा राहिलो. पुढून तारा धरलेल्या सोबत्याने खाली वाकून बघितलं, तर माझा कॅराबिनर, म्हणजे अडकवायची कडी, पाठीमागे नुसता लोंबत होता. हार्नेस (अंगावरचा पट्ट्यांचा साज) ग्लायडरला अडकवलेलाच नव्हता. दोन पावलं टाकली असती तर ग्लायडर गेला असता आणि मी हातांनी लटकत राहिलो असतो. तेव्हापासून सोबत्याला ग्लायडरचं नाक धरायला लावून आडवं लटकून बघतो, मगच पाऊल उचलतो.

गारठा
बोटांबद्दल. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते, वर तुमच्या वेगाचा वारा. आत पातळ आणि वर जाड असे दोन थरांचे हातमोजे घाला. पण ते घालून घरीच हार्नेसमध्ये लटका आणि रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) हँडल डोळे मिटून पकडून बघा. माझ्या नव्या जाड मोज्यांत ते मुठीत येतच नव्हतं. मोजे बदलले.
दुसरं, दव. सावलीतलं गवत उशिरापर्यंत ओलं असतं. पॅराग्लायडर तिथे पसरू नका. भिजलेला पंख नेहमीसारखा फुगूनही पुढे न जाता सरळ खाली बसू शकतो. फोन छातीशी ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

धारकरी
एक राहिलं. डोंगररांगेच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबात मोठा फरक असेल, तर दरीत सगळं शांत असलं तरी उडू नका. आल्प्समध्ये फॉन म्हणतात तो वारा असाच रांग ओलांडून उतरतो. आकाश स्वच्छ, हवा उबदार, आणि मग तो एकदम खाली पोचतो.

निळीछत्री
मनापासून आभार. आत्ताच सगळ्यांशी बोलले. हँगवाले दोघं पहिल्या गाडीने वर जातील, त्यांना लटकवून बघायचं काम माझ्याकडे. पहिला पॅराग्लायडर उडून हवा बघेल, पण ते दोघं पूर्ण तयार झाल्यावरच. उतरायला तीन वाजता सुरुवात, आणि जमिनीवर टेकल्यावर प्रत्येकाने वॉकीटॉकीवर नाव सांगायचं. हँडल आज रात्रीच पकडून बघते.