लांब पल्ल्याची विमानं: नकाशावरचं अंतर आणि लागलेला वेळ – तुमचे अनुभव

भाची काल मुंबई–न्यूयॉर्क विमानात बसली आणि मी फोनवर तो ठिपका बघत राहिले. विमान पश्चिमेला न जाता सरळ उत्तरेला चढत होतं. माझ्या पहिल्या खेपेला शेजारच्या काकांनी कागदी रुमालावर गोल काढून दाखवला होता: पृथ्वी गोल, म्हणून जवळातली जवळ वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. तुमचेही अनुभव लिहा.

खिडकीवाली
वाऱ्यामुळे! वर १० किमीवर जेट स्ट्रीम म्हणजे जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. येताना स्क्रीनवर ताशी ११०० च्या वर वेग बघितलाय.

रनवे२७
+१. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी. म्हणून किलोमीटर बघून वेळेचा अंदाज बांधू नये, असं माझं ठाम मत.

सावली
बाबा आयसीयूत होते तेव्हा निघाले. स्क्रीनवर ‘उरलेलं अंतर’ सारखं बघत होते. कॅस्पियन समुद्र संपता संपेना. एअर होस्टेसने न विचारता पाणी आणून दिलं, शेजारी उकिडवी बसली. तिचा चेहरा अजून आठवतो. भेट झाली बाबांशी.

खिडकीवाली
सावली, बरं झालं भेट झाली गं.

पाऊलवाट
वाचून गलबललं. माझा भाऊ फिनलंडला असतो. हेलसिंकी–टोकियो आधी साडेनऊ तासांत व्हायचं, २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर तेरा. शहरं तिथेच आहेत, वाट लांबली. आता घाईत आहे, कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निळी_छत्री
सिंगापूर–न्यूयॉर्क कोणी केलंय का? १५,३०० किमी, अठरा तासांच्या वर. मला टोकियो–सॅन फ्रान्सिस्को भारी वाटलं. संध्याकाळी निघालो, त्याच तारखेच्या सकाळी उतरलो! मुलगा म्हणाला, बाबा, आज दोनदा नाश्ता.

रनवे२७
हुशार आहे पोरगा :)

ओंजळ
विषय थोडा वेगळा. आईला (७१, गुडघेदुखी) न्यूयॉर्कला न्यायचंय. थेट विमान की मध्ये बदलून?

सावली
थेट. बदलताना टर्मिनलमध्ये चालणंच जास्त होतं. कडेची सीट घ्या, मध्येमध्ये उठून एक फेरी मारायला लावा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगा.

ओंजळ
आणि ते पायातले घट्ट मोजे?

सावली
आईच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सगळ्यांना चालत नाहीत.