पगार दर महिन्याला पुढे सरकतोय, तक्रार कुठे आणि कशी करायची?

रात्रपाळी_ऑपरेटर
छोट्या कारखान्यात मशीनवर आहे. आधी पाच-सहा तारखेला पगार व्हायचा. आता वीस उलटते, आणि गेल्या महिन्यात तर अर्धाच जमा झाला. विचारलं की साहेब म्हणतात, "पार्टीचं पेमेंट अडकलंय, दोन दिवस कळ काढा." आम्ही काही जण कायम, बाकीचे ठेकेदाराचे, त्यांचे हाल तर विचारूच नका. युनियन नाही. एकट्याने तोंड उघडलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. पोरं म्हणतायत, सरळ काम बंद करू. काय करावं?

पगारपत्रकवाला_निवृत्त
नोकरीभर पगारपत्रकंच केली, त्यामुळे तुमच्या साहेबांच्या शेजारच्या टेबलावरून बोलतो. पैसा कमी पडला की ऑफिसात एकच हिशोब चालतो: आज कुणाला दिल्यावाचून गत्यंतर नाही? बिल थकलं तर वीज तोडतात, हप्ता चुकला तर बँक मागे लागते, माल देणारा गाडी पाठवायची थांबवतो. कामगार मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. मग तो यादीत शेवटी. मालक दरवेळी लबाडच असतो असं नाही, पण तुम्ही त्याला बिनव्याजी कर्ज देताय आणि तेही न विचारता घेतलेलं.

यादीत वर सरकायचं तर थकबाकी कागदावर आली पाहिजे. तोंडी विचारणं ऑफिसात कुणी मोजत नाही. पोच दिलेला अर्ज आला की फाइल उघडावी लागते आणि फाइलची मालकाला धास्ती असते. भांडणाची भाषा नको. कोणत्या महिन्याचे किती मिळाले, किती राहिले आणि बाकी कोणत्या तारखेला देणार, एवढंच विचारा. सह्या शक्य तितक्या जास्त घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

कायदा स्पष्ट आहे. वेतन संहिता 2019 (21 नोव्हेंबर 2025 पासून लागू, त्याआधी 1936 चा कायदा होता) म्हणते की मासिक पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख संपण्याआत द्यायचा. पार्टीने पैसे दिले नाहीत म्हणून ती मुदत वाढत नाही. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत.

आणि अर्ध्या पगारावर "पूर्ण मिळाला" अशी सही चुकूनही करू नका. सहीशेजारी "अंशतः, बाकी येणे" असं लिहा. नाक मुरडतील, मुरडू द्या.

रात्रपाळी_ऑपरेटर
काका, नेमणूकपत्रच दिलेलं नाही. पगारस्लिपही नाही. आम्ही सिद्ध काय करणार?

पगारपत्रकवाला_निवृत्त
गेटपास, बँकेतली जमा नोंद, सुपरवायझरचे पाळी लावल्याचे मेसेज, हजेरीचा फोटो: कारखान्यात काम करता हे दाखवायला एवढं पुष्कळ. पगार दिला हे सिद्ध करायचा भार संहितेने मालकावर टाकलाय, तुमच्यावर नाही.

पीएफचं पासबुकही आजच उघडून बघा. तुमच्याकडून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. कापलीय पण भरली नाही असं दिसलं तर पाणी गळ्याशी आलंय समजा. माझ्या अनुभवात पगाराच्या आधी तिथेच हात घातला जातो.

अर्जाला उत्तर नाही आलं तर कामगार आयुक्त कार्यालय. सगळ्यांचा मिळून एकच दावा दाखल करता येतो, म्हणजे कुणा एकाचंच नाव डोळ्यावर येत नाही. मुदत तीन वर्षांची आहे, आणि थकलेल्या रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहा पट पदरात पडेल असं धरून चालू नका, पण तो आकडा अर्जात असला की समोरच्याचा सूर बदलतो.

हेल्पर_जनरल
मी ठेकेदाराकडचाच. ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल काढलं नाही, कंपनी म्हणते तुझा आमचा संबंध नाही. चेंडू इकडून तिकडे.

पगारपत्रकवाला_निवृत्त
संबंध आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. अर्ज दोघांच्याही नावाने करा.

युनियनवाला
काम बंदबद्दल बोलतो, कारण पोरं तिथेच फसतात. आता 14 दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात. म्हणजे पैसे मालकाने थकवले आणि चूक तुमची ठरली. आधी अर्ज, मग आयुक्त कार्यालय. संप करायचाच असेल तर नोटीस देऊन, जवळच्या युनियनशी बोलून.

पगारपत्रकवाला_निवृत्त
बरोबर. फक्त एका गोष्टीत थांबू नका: रात्री मशीन गाडीत चढताना दिसलं तर त्याच आठवड्यात दावा टाका. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कामगारांची मागच्या 24 महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने मोजतात, हे खरं. पण वाटायला काही उरलं तर. सात तारीख उलटून गेलीच आहे, अर्ज उद्याच्या पाळीत फिरवा.