छोट्या लाटांसाठी सर्फबोर्डचा तळ कसा असावा? ऑर्डर द्यायची आहे, मदत हवी

खारावारा:
नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यात मांद्र्याला राहतो, काम घरूनच. पावसाळा सरला की इथला समुद्र निवळतो. सकाळी जमिनीवरून मंद वारा असतो, लाट गुळगुळीत येते, पण उंची बहुतेक गुडघा ते कंबर आणि जोर बेताचाच. दुपारी वायव्येचा वारा सुटला की पाणी खवळतं आणि बोर्ड पायाखाली तडतडायला लागतो.

वजन ७८ किलो, उंची ५ फूट ९ इंच. टेकऑफ (लाट पकडून उभं राहणं) जमतो, लाटेच्या दोन्ही बाजूंना जाता येतं, कटबॅक (वळून परत लाटेच्या जोराकडे येणं) अर्धामुर्धा. सध्याचा बोर्ड ६ फूट २ इंचांचा अरुंद शॉर्टबोर्ड आहे, गोवा सोडताना एका मित्राने दिलेला. छातीएवढ्या लाटेवर मस्त. कमरेएवढ्या लाटेवर मात्र पॅडल मारून खांदे जातात, आणि उभं राहावं तर लाट पुढे निघून जाते, आपण मागे.

आता फिश (आखूड, रुंद, मागे माशाच्या शेपटीसारखा बोर्ड) करून घेतोय: ५ फूट १० इंच लांब, २१ इंच रुंद, २ ५/८ इंच जाड, साधारण ३७ लिटर. इथवर शेपरचं (बोर्ड घडवणाऱ्याचं) आणि माझं एकमत. अडलंय ते तळावर. त्याने पर्याय पाठवलेत: पूर्ण सपाट, सिंगल कॉन्केव्ह (मधोमध एकच उथळ खोलगट भाग), सिंगल टू डबल (पुढे एक खोलगट भाग, मागे शेजारी-शेजारी दोन), मागे व्ही (मधली रेघ उंच, कडांकडे उतार), किंवा चॅनल (लांबट खाचा). बीचवर विचारलं तर एक जण म्हणतो, ‘कॉन्केव्ह जितका खोल तितका बोर्ड उचलला जातो’. दुसरा म्हणतो, ‘छोट्या लाटेला सपाटच हवा’.

जुना बोर्ड उलटा ठेवून मधोमध स्टीलची पट्टी आडवी लावली. खालून ३ मिमीचा ड्रिल बिट जेमतेम सरकला. एवढ्याशा खोलीने खरंच फरक पडतो का?

रंधा:
पडतो, पण तुमचा त्रास त्या ३ मिमीमुळे नाही, रॉकरमुळे आहे, म्हणजे नोज (पुढचं टोक) ते टेल (मागचं टोक) असलेल्या बाकामुळे. पट्टी आडवी लावलीत तशी लांब फळी नोज ते टेल उभी लावून बघा, नोज आणि टेल किती उचललेत ते दिसेल. कमी वेगात बोर्डला पाणी ढकलत जावं लागतं. ते सोडून तो पाण्यावर घसरायला लागला की काम झालं. त्यासाठी पायांखाली रुंद, सरळसर पृष्ठभाग लागतो. केळ्यासारखा वाकलेला बोर्ड मऊ लाटेवर ढकलतच राहतो, मग तळ काहीही कोरा.

कॉन्केव्हचा खरा उपयोग इथे कळतो. मधला फोम खरवडला की मधल्या रेषेवरचा रॉकर कमी होतो, कडेचा तसाच राहतो. म्हणजे सरळ जाताना बोर्ड सपाट वागतो आणि रेलवर (कडेवर) टाकला की वळतो. पण २१ इंच रुंदीवर, त्यात रुंद टेल, खोल सिंगल घेतलात तर बोर्ड एका रेलवरून दुसऱ्यावर जायला कुरकुर करेल. खवळलेल्या पाण्यात त्रास वेगळाच.

मी असतो तर असं सांगितलं असतं: पुढचा भाग जवळपास सपाट, पायांखाली २-३ मिमी सिंगल, फिनच्या (तळाखालच्या पात्यांच्या) थोडं आधी डबल सुरू आणि शेवटच्या वीतभर भागात हलका व्ही. व्ही वेग थोडा खातो, पण तुमच्या दुपारच्या पाण्यात त्याची किंमत वसूल होते. नोजचा रॉकर साडेचार इंचांच्या आत, टेलचा दोनच्या आसपास.

चॅनल विसरा. शेपर ॲलन बर्न यांचे सहा चॅनलचे बोर्ड गाजले ते हवाईतल्या पाइपलाइनसारख्या जोरकस लाटेवर. मऊ लाटेत फायदा थोडा, ग्लासिंगचं (वर फायबरग्लास चढवायचं) काम जास्त, आणि डिंग (खोक) पडली की दुरुस्त करणारा शोधत फिरा.

पेलिकन:
रंधा, व्हीबद्दल मतभेद. मी सॅन डिएगोला असतो. मूळ फिश इथलीच, स्टीव्ह लिस यांनी १९६७ मध्ये गुडघ्यांवर बसून चालवायला केलेली. माझ्याकडे त्याच वळणाचा बोर्ड आहे, रॉकर नगण्य, तळ सपाट, दोन कील (रुंद बुडाचे) फिन. कमरेएवढ्या लाटेवर असा पळतो की व्ही लावायची इच्छाच होत नाही. हां, वारा सुटला की दात वाजतात, हे मान्य.

खारावारा:
पेलिकन, मी बरेचदा कामामुळे दुपारीच उतरतो, त्यामुळे दात वाचवलेले बरे :) हलका व्ही नक्की. कॉन्केव्ह २-३ मिमीच लिहून देतो. पण फिन? कील दोनच घेऊ की पाच बॉक्स (फिन अडकवायच्या खोबण्या) बसवून घेऊ?

रंधा:
पाच बॉक्स. छोट्या दिवशी ट्विन (दोन फिन), लाट वाढली की क्वाड (चार) किंवा थ्रस्टर (तीन). पेलिकनसारखे ग्लास-ऑन (बोर्डलाच कायमचे जोडलेले) कील देखणे दिसतात, पण विमानात तेच आधी तुटतात. आणि शेपरला ‘हलका व्ही’ एवढंच लिहू नका, किती मिमी ते लिहा. प्रत्येकाचं हलकं वेगळं असतं.

खारावारा:
मग टेलपाशी ३ मिमी लिहितो. जास्त वाटत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या सकाळी ॲडव्हान्स पाठवायचा आहे. बोर्ड एपॉक्सीचा की पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) यासाठी वेगळा धागा काढतो.