108 असताना गावाने वर्गणी काढून स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स घ्यावी का?

घाटमाथा: आमच्या गावात सध्या हाच वाद पेटलाय. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, 108 ला फोन केला, गाडी लगेच निघाली पण अंधारात वाडीचा फाटा चुकली, मी टॉर्च घेऊन पारावर उभा, फोनवर ओरडतोय की वडापासून डावीकडे घ्या डावीकडे, त्यात पाऊण तास गेला. काका वाचले, देवाची कृपा. आता पोरं म्हणतात घरटी हजार काढू, जुनी ओमनी घेऊ. मी म्हणतो घ्यायलाच पाहिजे!

सिस्टरताई: दादा राग मानू नका, पण ओमनीत आडवं टाकून नेणं म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स नव्हे. 2014 ला राज्यात 108 सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जादा साधनं असलेल्या, सोबत डॉक्टर, आणि पेशंटकडून एक रुपया घ्यायचा नाही. तुमच्या ओमनीत कोण बसणार? मी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. साप चावलेल्या एका पोराला घेऊन जीप आमच्या दारावरून थेट तालुक्याला निघाली, सर्पदंशाचं इंजेक्शन आमच्याच फ्रीजमध्ये होतं, कुणीतरी सांगून परत फिरवली तोवर पोराला पापण्या उचलता येत नव्हत्या. नुसता वेग काय कामाचा.

महाडकर: ताई, तुमचं पटतं पण सरकारी मदत पोचेपर्यंत कोण असतं हो? 22 जुलै 2021 ला आमच्या महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, महाडला पुराने वेढलेलं, रस्ते बंद, एनडीआरएफचं बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर चिखल उपसणारे हात आसपासच्या माणसांचेच होते. गावाची तयारी पाहिजेच.

कृष्णाकाठ: तयारी म्हणजे नुसती वस्तू विकत घेणं नाही ना भाऊ. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला 2019 च्या पुरात बोट ग्रामपंचायतीचीच होती. प्रमाणाबाहेर माणसं बसली आणि ती उलटली, बायका-पोरं गेली. चालवणारा शिकलेला नसेल, लाइफ जॅकेट नसतील तर गावाची बोट काय नि गावाची ओमनी काय. आणि एकदा वर्गणी काढली की तालुक्याला गाडी वाढवून मागायला गेल्यावर साहेब म्हणणार, तुमच्याकडे आहे की गाडी. आमचा टॅक्स कशासाठी आहे मग? ग्रामसभेत ठराव करा, 108 ची गाडी जवळच्या पीएचसीला उभी राहू दे म्हणून मागे लागा.

घाटमाथा: ठराव करूच, पण ठराव मंजूर होईपर्यंत कुणाच्या छातीत कळ यायची थांबत नाही.

सिस्टरताई: मग आधी फाट्यावर रेडियमचा बोर्ड लावा, फार खर्च नाही त्याला. आणि चार पोरं माझ्याकडे पाठवा, छाती दाबायची कशी, रक्त थांबवायचं कसं, रविवारी शिकवते.

घाटमाथा: पोरं येतील ताई, बोर्डही लावतो. वर्गणी मात्र थांबवणार नाही.