रोहित (फ्लेमिंगो) मोजायचे तर ओहोटीला नको

काहीजण म्हणतात की मुंबईजवळच्या ठाणे खाडीत ओहोटीला बोटीतून रोहित मोजावेत. देखावा छान, पण आकडा कच्चा. तेव्हा पक्षी चिखलभर पांगलेले असतात, सँडपायपरसारखे छोटे किनारपक्षी तर चिखलातच मिसळून जातात. मोजणी भरतीला करा. अमावास्या-पौर्णिमेजवळचा, ४ मीटरच्या वर भरती असलेला दिवस निवडा. चिखल बुडाला की पक्षी भांडुपची मिठागरं, नवी मुंबईतल्या सीवूड्सची तळी, उरणची पांजे पाणथळ अशा ठिकाणी येऊन दाटीनं बसतात.

भरतीच्या दोन तास आधी जागेवर पोचा. भरतीच्या तक्त्यातली वेळ मुंबईच्या अपोलो बंदराची असते, खाडीच्या आत पाणी उशिरा चढतं. आधी ५० पक्षी एकेक मोजून तेवढा ठोकळा डोळ्यात बसवा, मग थव्यावर ठोकळे टाकत जा. सरसकट ठोकळे नकोत, कडेला थवा विरळ असतो. भोवत्या (शिकारी पक्षी) आला की सगळे उडतात. बसल्यावर पहिल्यापासून मोजा. न ओळखलेले प्लव्हर (छोटे किनारपक्षी) ‘अनोळखी’ म्हणूनच नोंदवा.

सगळ्या जागा एकाच भरतीला, वेगळ्या गटांनी मोजा, नाहीतर तोच थवा दोनदा मोजला जातो.

आणि तळ्यात भरतीचं पाणी आणणारा नाला बुजलाय का, हे दरवेळी लिहा. खाडीला २०२२ साली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, पण नाला बंद झाल्यावर तळ्यात शेवाळ माजतं आणि थवा जागाच बदलतो.