जुन्या विद्यार्थी ट्रम्पेटचा मोह आवरावा कसा?

हळदबाजार, सांगली

सात वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या बँड पथकाच्या माळ्यावरून मेरठ बनावटीचा ट्रम्पेट मी मोडीच्या भावात उचलला आणि तेव्हापासून कपाटात चार ट्रम्पेट जमले आहेत. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत शाळांच्या बँडसाठी बनलेले विद्यार्थी ट्रम्पेट तेथे आजही व्यावसायिक वाद्यांच्या मानाने स्वस्तात मिळतात आणि तेथे राहणारा माझा भाचा दिवाळीला येताना एखादा घेऊन येतो, हेच या व्यसनाचे मूळ. त्यांपैकी ओल्ड्स कंपनीचा अ‍ॅम्बॅसडर मी रोज वाजवतो. नावाला विद्यार्थ्यांचा असला, तरी त्याची घडण इतकी पक्की आहे की व्यावसायिक वादकांनीही तो वापरला. तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, तेव्हा आता नाही घेतला तर कधी, अशी मी स्वतःची समजूत घालत असतो. आता भाच्याला कॉन कंपनीचा डायरेक्टर सापडला आहे. त्याची तांब्याची बेल (पुढचा कर्ण्यासारखा भाग) विजेच्या साहाय्याने साच्यावर थर चढवून घडवलेली असल्याने तिला सांधाच नाही. वाजवायला तोंड एकच असताना पाचवा घ्यावा काय, आणि फोटोवरून तो कसा पारखावा?

तंतुवाद्यवाला, मिरज

फोटोत चकाकी दिसते, पिस्टनची, म्हणजे बोटाने दाबायच्या व्हॉल्व्हमध्ये वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याची, झीज दिसत नाही. कोणताही व्हॉल्व्ह न दाबता पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (त्याला जोडलेली सरकती नळी) झटक्यात बाहेर ओढावी. पिस्टन घट्ट असेल तर बाटलीचे बूच निघाल्यासारखा ‘फट्’ आवाज येतो. तो आला नाही, तर हवा पिस्टनच्या बाजूने निसटते आहे असे समजावे. पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून तो बसवून घेण्याचा खर्च स्वस्त वाद्याच्या किमतीहून सहज जास्त होतो. माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके असतील, तर पितळेतील जस्त आतून झिजत आले आहे आणि ते ठिपके कितीही पॉलिश केले तरी जाणार नाहीत. पोचे मात्र एवढे गंभीर नसतात. आमच्या गावी सतार-तंबोऱ्याचे कसबी कारागीर आहेत, पण हे दुखणे त्यांच्याकडे नेऊन उपयोग नाही.

लग्नसराई, सातारा

मी बँडमध्ये वीस वर्षे ट्रम्पेट वाजवतो आणि माझे मत थोडे कडक आहे. न वाजवता ठेवलेल्या वाद्याचे तेल सुकते, पिस्टन चिकटतात, स्लाइड जाम होतात आणि मग मालक पकड घेऊन त्या ओढू लागतो. चार वाद्ये असतील तर चौघांनाही आठवड्यातून एकदा तेल आणि फुंकर मिळाली पाहिजे. ते जमत नसेल, तर दोन वाद्ये शिकणाऱ्या मुलांना वापरायला द्यावीत. ती बनली होती त्यांच्यासाठीच. पाचवा घेण्याआधी एक चांगला माउथपीस घेऊन पाहा, कारण पुष्कळदा आपल्याला नव्या वाद्याची नव्हे, नव्या स्वराची हाव सुटलेली असते.

हळदबाजार, सांगली

दोघांचेही आभार. काल चारही ट्रम्पेट चटईवर मांडून स्लाइड ओढल्या. अ‍ॅम्बॅसडरचा ‘फट्’ शेजारच्या खोलीत ऐकू गेला, दुसऱ्याचा जेमतेम आला, तिसरा मुका निघाला. मेरठवाल्याची स्लाइड हललीच नाही, आणि याला जबाबदार मीच: पहिल्याच दिवशी देवाच्या समया घासतो तशी चिंच आणि रांगोळी लावून मी तो आतबाहेर लख्ख केला होता. रांगोळीचे कण पिस्टनमध्ये गेले ते अजून तेलाबरोबर करडे होऊन बाहेर येतात. मुका आणि जेमतेम असे दोघे विकायला काढत आहे. दोष सांगूनच विकेन. मेरठवाला मात्र देणार नाही, त्याच्या बेलवर पथकाचे पुसट नाव कोरलेले आहे. भाच्याला कळवले आहे की विक्रेत्याला फोटो न मागता स्लाइड ओढतानाचा आवाज मागव. आज रात्री ती ध्वनिफीत येणार आहे.